मुक्तस्रोत खेळातील चित्रांचा परवाना आणि पुढील देखभाल: मार्गदर्शन हवे आहे

सुरसागरकर

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यातले तिघे मित्र मिळून संगणकावर आणि मोबाइलवर चालणारा एक विनामूल्य, मुक्तस्रोत खेळ विकसित करत आहोत. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याला सरोवर बांधून तेथून शहराला पाणी आणण्यात आले. खेळ त्या योजनेवर बेतलेला आहे. खेळाडूने नळ आणि टाक्या यांची आखणी करून वाडी, रावपुरा, दांडिया बाजार अशा वस्त्यांना पाणी पोचवायचे आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली की तेच शहर सावरायचे, असा त्याचा गाभा आहे. जमिनीचे चढउतार नासाच्या एसआरटीएम मोजणीतून आणि रस्ते, ओढे, कांस (पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले) ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतले आहेत. खेळ गोडो या खेळ बनवण्याच्या इंजिनाच्या तिसऱ्या मालिकेत लिहिलेला असून कोडला जीपीएल या, कोड कोणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणाऱ्या परवान्याची तिसरी आवृत्ती लावलेली आहे.

कोडविषयी आमच्या मनात संभ्रम नाही. अडचण चित्रांची आहे. घरे, हौद, मगरी आणि माणसे यांची चित्रे दोन चित्रकारांनी स्नेहापोटी काढून दिली. एकाने ‘या खेळात खुशाल वापरा’ एवढे तोंडी सांगितले आणि दुसरीने कोणतीच अट घातली नाही. आता खेळ एका लिनक्स वितरणात समाविष्ट करण्याचा विषय निघाल्यावर तेथील स्वयंसेवकाने चित्रांचा परवाना कोठे नोंदवला आहे, असे विचारले, आणि त्याला देण्याजोगा कागद आमच्याकडे नाही.

दुसरे असे की, कोणीतरी हाच खेळ जवळपास याच नावाने, जाहिराती घालून प्ले स्टोअरवर ठेवला आहे. तो थांबवता येईल का? तिसरे, खेळातील मराठी मजकूर नीट उमटत नाही. त्यासाठी गोडोच्या चौथ्या मालिकेकडे जावे की आहे त्यातच मार्ग काढावा? याखेरीज, बाहेरून आलेल्या सुधारणा तपासणे आणि नवी आवृत्ती काढणे ही दोन्ही कामे माझ्या एकट्याकडे आहेत. नोकरी सांभाळून ती होतात, पण खोळंबा वाढत चालला आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दांडियाबाजारकर

चित्रांचा प्रश्न आपण सर्वांत आधी सोडवावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बाकीचे बरेच प्रश्न फिरून त्याच्यापाशीच येतात. कोडमधला दोष उद्या कोणीही दुरुस्त करील. पण चित्राचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्याशी संपर्कच तुटला, तर त्या चित्राचे काय करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही, आणि ते काढून नवे घालण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

‘या खेळात खुशाल वापरा’ ही परवानगी प्रेमाची असली तरी मुक्तस्रोतासाठी अपुरी आहे. उद्या इंदूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपला कोड घेऊन त्याच्या गावच्या नदीवर वेगळा खेळ केला, तर जीपीएल त्याला कोड देते, चित्रे मात्र देत नाही. अशा चित्रांमुळे डेबियन हे लिनक्स वितरण खेळाला आपल्या मुख्य विभागात घेत नाही, आणि एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड अ‍ॅपांच्या भांडारात खेळ आलाच तर त्याच्या नावापुढे चित्रे मुक्त नसल्याची खूण लागते.

ओपनटीटीडी या खेळाची वाटचाल यासाठी पाहण्यासारखी आहे. १९९५ सालच्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सची ही मुक्त पुनर्रचना २००४ मध्ये लोकांपुढे आली, पण तिची चित्रे आणि ध्वनी मूळ व्यापारी खेळाचेच होते, त्यामुळे खेळायचे तर मूळ खेळाच्या फाइली जवळ असाव्या लागत. स्वयंसेवकांनी एकेक इमारत, एकेक आगगाडी, एकेक रूळ नव्याने काढला, ध्वनी आणि संगीताचेही स्वतंत्र संच तयार केले, आणि २०१० मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा तो खेळ प्रथमच पूर्णपणे स्वतःच्या सामग्रीवर उभा राहिला. कोड चालू स्थितीत असूनही मधली इतकी वर्षे केवळ चित्रांसाठी गेली. झिरो ए.डी. या खेळाच्या मंडळींनी २००९ मध्ये काम खुले केले तेव्हा कोडला जीपीएल आणि चित्रे-ध्वनींना क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने कलाकृतींसाठी तयार केलेल्या परवान्यांपैकी ‘श्रेयनिर्देश, समान परवाना’ असा प्रकार एकाच वेळी लावला. आपणही तेच करावे.

आपल्याकडचा कायदाही येथे लक्षात घ्यावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. शिवाय हस्तांतरणाविषयीच्या कलम १९ मधील तरतुदी कलम ३०अ मुळे परवान्यालाही लागू होतात, आणि त्यांनुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची व क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. म्हणजे आपल्या चित्रकार मित्राने उद्या सद्भावनेने ‘माझी चित्रे वापरण्यास परवानगी आहे’ एवढीच ओळ लिहून दिली, तरी ती पाच वर्षांनी आणि देशाच्या सीमेबाहेर लंगडी पडू शकते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या चौथ्या आवृत्तीत जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी असे स्पष्ट शब्द आहेत, म्हणून परवान्याचे पूर्ण नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि प्रत्येक चित्राच्या फाइलीचे नाव त्या पत्रात असू द्यावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ मुळे ईमेलही लेखी म्हणून चालतो. ते पत्र चित्रांच्या शेजारीच रिपॉझिटरीत, म्हणजे खेळाच्या कोड-फाइलींच्या सामायिक साठ्यात, ठेवावे, फक्त त्यातला खासगी पत्ता आणि फोन क्रमांक काढून टाकावा.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल या परवान्याखाली आहे. तिचे श्रेय खेळाच्या आत, खेळाडूला दिसेल अशा जागी द्यावे लागते. केवळ रिपॉझिटरीत लिहून भागत नाही. एसआरटीएमबाबत अशी अडचण नाही.

फतेगंजवासी

मी स्वतः फाइन आर्ट्सला चित्रकला शिकलो आहे आणि खेळांसाठी चित्रे काढतो, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

चित्रकाराला परवान्याच्या नावाने काहीच कळत नाही, आणि कळले की भीती वाटते. आपले चित्र कोणी टी-शर्टवर छापून विकेल, आपल्याला न पटणाऱ्या मजकुराशेजारी लावील, आपले नाव गाळील, या त्या भीती असतात. म्हणून त्यांच्याकडे छापील अर्ज पाठवू नये; समोर बसून प्रत्येक गोष्ट स्पष्ट सांगावी. ‘समान परवाना’ या प्रकारात चित्र विकण्यास मनाई नाही, हे लपवू नये. ज्याने त्यात बदल करून नवे चित्र केले त्याला ते त्याच परवान्याखाली सर्वांना द्यावे लागते, नाव लावावे लागते आणि बदल केल्याचे सांगावे लागते, हेही सांगावे. पुष्कळ चित्रकार ‘व्यापारी वापर नको’ हा प्रकार मागतात. तो मागणे त्यांचा हक्क आहे, पण त्या अटीचे चित्र मुक्त समजले जात नाही आणि वर लिहिलेली सारी अडचण परत येते. हे ऐकूनही त्यांनी नकार दिला, तर तो आदराने स्वीकारून ते चित्र बदलावे.

माझी खरी विनंती वेगळी आहे. आपण चित्रांच्या फक्त पीएनजी फाइली ठेवल्या असतील, तर चित्रकारांकडून मूळ थरांच्या फाइली आजच मागून घ्या. समजा, हौदावर पाणी भरणाऱ्या बाईचे चित्र आहे. पीएनजीमध्ये तिचे लुगडे, घागर, हौदाचा काठ आणि पाण्यावरची सावली एकाच सपाट पृष्ठावर थिजलेली असतात. पुढे कोणाला पुराच्या प्रसंगासाठी तोच हौद पाण्याखाली दाखवायचा असेल, तर त्याला ती बाई खरवडून काढून मागचा काठ अंदाजाने रंगवावा लागतो, आणि कितीही कौशल्य असले तरी मूळ हाताचा फटकारा येत नाही. कृता किंवा इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल हाती असली तर बाईचा थर मिटवून पाण्याचा थर वर आणला की काम झाले. जीपीएलमध्ये ‘स्रोत’ म्हणजे बदल करण्यासाठी सोयीचे रूप, अशी व्याख्या आहे. चित्राचे ते रूप म्हणजे थरांची फाइल. आकाराने ती मोठी असते, तेव्हा गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या सोयीत किंवा वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवावी. मूळ फाइली चित्रकाराच्या जुन्या लॅपटॉपवर राहतात आणि लॅपटॉपबरोबरच जातात, हे मी फार वेळा पाहिले आहे.

मांजलपूर

प्ले स्टोअरवरच्या नकलेबद्दल. जीपीएलखालील खेळ विकण्यास किंवा त्यात जाहिराती घालण्यास बंदी नाही, त्यामुळे ‘आमच्या कष्टावर पैसे मिळवतो’ ही तक्रार, कितीही रास्त वाटली तरी, टिकणार नाही. टिकणाऱ्या तक्रारी दोन आहेत. त्याने बदललेला स्रोत आणि परवान्याचा मजकूर दिला नसेल तर तो जीपीएलचा भंग आहे, आणि ज्या चित्रांना मुक्त परवानाच नाही ती त्याने वापरली असतील तर तो कॉपीराइटचा भंग आहे. मात्र तक्रार हक्कधारकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने करायची असते, आणि चित्रांचे हक्कधारक आपण नसून ते चित्रकार आहेत. दांडियाबाजारकर म्हणतात ते यासाठीही बरोबर आहे.

खेळाच्या नावाचे संरक्षण मात्र परवान्याबाहेरचे आहे. नेक्सुइझ हा मुक्त खेळ या बाबतीत आठवावा: २०१० मध्ये त्याचे नाव एका व्यापारी खेळाला दिले गेले, आणि वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अनेक मंडळींना झोनोटिक या नव्या नावाने सारे पुन्हा उभे करावे लागले. कोड त्यांच्याकडे होता, नाव नव्हते. आपल्याकडे व्यक्तीला एका वर्गातील ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जासाठी ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे. तिघांच्या नावे तो अर्ज करावा आणि नाव कोणी कसे वापरावे हे चार ओळींत लिहून ठेवावे, असे माझे मत आहे. तोवर आपला अधिकृत खेळ त्याच स्टोअरवर विनामूल्य ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तेवढी तयारी ठेवावी.

वाडीकर

गोडोबद्दल मला बोलायचे आहे, कारण मराठी मजकुराचा प्रश्न मी याच इंजिनात जवळून हाताळला आहे. आपल्या खेळात विश्वामित्रीचे नाव पडद्यावर असणारच. तिसऱ्या मालिकेत तो शब्द कसा उमटतो ते नीट पाहा: पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर लटकते, ‘श्व’ जोडला न जाता ‘श’च्या पायाशी हलन्त दिसतो, ‘मि’चीही तीच गत होते, आणि ‘त्री’ फुटून ‘त’, ‘र’ वेगळे पडतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. तिसरी मालिका युनिकोडची अक्षरे ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने एकापुढे एक मांडते. देवनागरीला लागणारी फेरमांडणी आणि जोडणी ती करतच नाही. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून इंजिनात मजकुराची मांडणी करणारी हार्फबझ आणि आयसीयू ही तयार कोडची ग्रंथालये (लायब्ररी) आहेत, आणि तीच जोडणी आता आपोआप होते. निर्यातीचा आकार कमी करण्यासाठी कोणी इंजिन स्वतः बांधत असेल, तर त्याने मजकुराची प्रगत व्यवस्था वगळून साधी ठेवू नये. नाही तर सारे पहिल्यासारखे होते. फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा. दोन्ही ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे खेळाबरोबर देता येतात.

मराठीचे चित्र करून पडद्यावर डकवणे हा मार्ग काही जण सुचवतील. तो कृपया घेऊ नये. भाषांतरकाराला त्यातला एक शब्दही सुधारता येत नाही, आणि खेळाची गुजराती किंवा हिंदी आवृत्ती तेथेच अडते. बडोद्याचा खेळ गुजरातीत नसावा, हे मला तरी पटत नाही.

भाषांतरासाठी वाक्ये तुकड्यांतून जोडू नयेत. आपल्या कोडमध्ये संख्या, वस्तूचे नाव आणि ‘बांधले’ असे तीन तुकडे एकत्र येत असतील, तर ‘टाकी बांधले’ अशी वाक्ये उमटतील, कारण क्रियापदाला वस्तूचे लिंग आणि वचन ठाऊक नाही. प्रत्येक वस्तूसाठी पूर्ण वाक्य ठेवावे, गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाची एकवचन-अनेकवचनाची सोय वापरावी, आणि त्याच्या पीओ फाइली वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चढवाव्यात म्हणजे कोड न येणाऱ्यालाही भाषांतर करता येते.

आता चौथ्या मालिकेकडे जाण्याची किंमत. इंजिनाबरोबर मिळणारे रूपांतराचे साधन बरीच नावे बदलून देते, पण टाइलमॅप (चौकटींचा नकाशा), शेडर (रंग-प्रकाशाचा कोड) आणि जुन्या यील्ड या आज्ञेच्या जागी आलेले अवेट हे हातानेच तपासावे लागते. शिवाय ज्या जुन्या फोनांत ओपनजीएल ईएस २ ही चित्रे रेखाटण्याची जुनी व्यवस्था एवढेच आहे, ते फोन सुटतात. म्हणून सध्याची आवृत्ती १.० म्हणून गोठवावी, तिच्यात फक्त दोष दुरुस्त करावेत, आणि नवे काम वेगळ्या शाखेवर चौथ्या मालिकेत सुरू करावे. वेसनॉथ हा खेळ २००३ पासून चालू आहे, आणि त्यात मधला आकडा सम असलेली मालिका स्थिर व विषम असलेली विकासाची, म्हणजे १.१६ स्थिर, १.१७ विकासाची, १.१८ पुन्हा स्थिर, असा शिरस्ता आहे. योगदात्याला कोणता बदल कोठे पाठवायचा हे आकड्यावरूनच कळते, आणि खेळाडूचा चालू खेळ मध्येच मोडत नाही.

साठवलेले खेळ, म्हणजे सेव्ह फाइली, यांत पहिल्याच ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहावा आणि प्रत्येक बदलासाठी जुन्याचे नवे करणारे एक छोटे फंक्शन ठेवावे. पाचव्या आवृत्तीची फाइल उघडताना पाचाची सहा, सहाची सात अशी पायरीपायरीने ती आजपर्यंत यावी. खेळाडूंनी पाठवलेल्या काही खऱ्या सेव्ह फाइली चाचण्यांत कायमच्या ठेवल्या, की कोणी बाहेरून सुधारणा पाठवली तर ती जुने खेळ मोडते की नाही हे यंत्रच सांगते. आपला तपासणीचा वेळ त्यानेच सर्वांत जास्त वाचेल.

चित्रांसाठी वेगळा परवाना घेण्याऐवजी सारेच जीपीएलखाली आणावे, असे मात्र मला वाटते. दोन परवाने असले की कोणती फाइल कशाखाली, हा हिशेब जन्मभर ठेवावा लागतो.

सुरसागरकर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही चित्रकारांना भेटून मूळ फाइली आणि पत्र दोन्ही मागणार आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. चित्रांना जीपीएल की क्रिएटिव्ह कॉमन्स, यावर आपल्यात मतभेद दिसतो, तर चित्रकारांसमोर काय ठेवू? आणि आवृत्ती काढण्याचे काम वाटून द्यायचे तर नेमके काय वाटायचे? माझे दोघे सहकारी कोड लिहितात, पण प्रकाशनाला हात लावायला बिचकतात.

दांडियाबाजारकर

वाडीकरांचा हिशेबाचा मुद्दा खरा आहे, तरी मी चित्रकारांसमोर क्रिएटिव्ह कॉमन्सच ठेवीन. जीपीएलची भाषा कोडसाठी घडलेली आहे आणि ती चित्रकाराला समजावून सांगणे कठीण जाते. जी गोष्ट समजली नाही तिच्यावर कोणाची सही घेणे मला योग्य वाटत नाही. ‘श्रेयनिर्देश, समान परवाना’ ४.० मधील काम जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली नेता येते, असे क्रिएटिव्ह कॉमन्सने २०१५ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे वाडीकरांची वाट बंद होत नाही. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. हिशेबासाठी चित्रांच्या प्रत्येक फोल्डरमध्ये चित्रकार, परवाना आणि मूळ फाइलीची जागा सांगणारी एक साधी मजकूर फाइल असावी, आणि ती नसेल तर सुधारणा स्वीकारू नये.

प्रकाशनाबद्दल. सहकारी बिचकतात याचे कारण बहुधा असे, की आवृत्ती काढण्याचा सारा क्रम आपल्या डोक्यात आहे. तो लिहून काढावा: आवृत्तीचा क्रमांक कोणत्या फाइलीत बदलतो, बदलांची यादी कोठे जाते, विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडच्या प्रती कोणत्या आज्ञेने बांधल्या जातात, कोणत्या फोनवर उघडून पाहायच्या. जेवढे यंत्राकडून करून घेता येईल तेवढे रिपॉझिटरीवरच्या स्वयंचलित बांधणीकडे सोपवावे, म्हणजे आपल्याच संगणकावर असलेल्या एखाद्या फाइलीवाचून बांधणी अडत नाही ना, हेही कळते. मग पुढची छोटी, केवळ दोष दुरुस्त करणारी आवृत्ती सहकाऱ्याने त्या कागदावरून काढावी आणि आपण शेजारी बसून फक्त कागदात काय राहिले ते टिपावे.

अँड्रॉइडच्या सहीची किल्ली, म्हणजे प्रत आपलीच आहे हे पटवणारी डिजिटल फाइल, आणि तिचा पासवर्ड तिघांपैकी किमान दोघांकडे वेगवेगळ्या जागी असावा. ती किल्ली हरवली, तर स्वतः वाटलेल्या एपीके फाइलींवर पुढची आवृत्ती चढत नाही. खेळाडूला जुना खेळ काढून नवा घ्यावा लागतो आणि साठवलेले खेळही जातात. रिपॉझिटरी, संकेतस्थळाचे नाव आणि प्ले स्टोअरचे खाते यांवरही दुसऱ्या माणसाला पूर्ण अधिकार द्यावा.

येणाऱ्या सुधारणांपैकी भाषांतर आणि नव्या वस्त्यांचे नकाशे आपण तपासू नयेत. त्यांसाठी कोड न लिहिणारा, पण मराठी आणि शहर चांगले जाणणारा माणूस नेमावा. पाण्याच्या दाबाचे गणित आणि सेव्ह फाइलीचे स्वरूप एवढे दोन विभाग मात्र काही काळ आपल्याकडेच ठेवावेत.

फतेगंजवासी

नकाशे आणि मराठी मजकूर तपासण्याचे काम मी आनंदाने घेईन. सुरसागरकरांनी रिपॉझिटरीचा दुवा येथे द्यावा. पहिल्यांदा कांसांची नावे पाहतो, कारण नकाशावर त्यांतली बरीच अजून नुसत्या निळ्या रेघा आहेत.